डिस्प्ले चालू, असिस्ट बंद: म्हणजे बॅटरी गेली?

ई-सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: डिस्प्ले पेटतोय पण पॅडल मारताना मोटरचा जोर, म्हणजे असिस्ट, मिळत नाही, म्हणजे बॅटरी गेली. बॅटरी ठीक निघाली तर मोटर जळाली. तोवर काम भागवायचं असेल तर ब्रेकच्या वायरी कापा. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणा.

पहिला दावा सगळ्यात महागात पाडणारा, म्हणून आधी तोच. मोटर फिरवायची की नाही हे कंट्रोलर ठरवतो, आणि तेही दोन-तीन स्वस्त सेन्सरांच्या भरवशावर. सेन्सर गप्प बसला की बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही मोटर ढिम्म. सायकलला थ्रॉटल (पॅडल न मारता मोटर चालवणारी मूठ) असेल तर तो फिरवून बघा. थ्रॉटलवर सायकल पळाली तर बॅटरी, कंट्रोलर, मोटर तिन्ही शाबूत आहेत. संशय पॅडल सेन्सरवर घ्या. क्रँकजवळ, म्हणजे पॅडलचे दांडे जिथे बसतात तिथे, छोट्या चुंबकांची चकती असते आणि तिच्यासमोर सेन्सर. मधलं अंतर जेमतेम काही मिलिमीटर. चिखल बसला, चकती सरकली किंवा सेन्सर वाकला, की आपण पॅडल मारतोय हे कंट्रोलरला कळतच नाही. सेंटर मोटरच्या, म्हणजे पॅडलपाशीच मोटर असलेल्या, सायकलींत असाच एक चुंबक मागच्या चाकाच्या स्पोकवर असतो. तो सरकला की वेग मोजला जात नाही आणि असिस्ट बंद होतो किंवा नावापुरता उरतो. बॉश कंपनीची मोटर असेल आणि डिस्प्लेवर ५०३ आकडा आला तर तिथेच बघायचं. बोटाने चुंबक जागेवर आणला की बऱ्याचदा काम होतं.

बॅटरीचा दोष कधीच नसतो असं नाही. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की ४२ व्होल्ट दाखवते, आणि थकलेली बॅटरीही उभ्या सायकलवर तेवढंच दाखवू शकते. चढावर मोटरने करंट ओढला की तिचा व्होल्टेज कोसळतो आणि असिस्ट तुटतो. पण अशी बॅटरी सपाटीवर थोडीफार तरी साथ देते. पहिल्या पॅडलपासून शुकशुकाट असेल तर नव्या बॅटरीचे पैसे मोजण्याआधी बाकीचं तपासा.

‘मोटर जळाली’ हे निदान तर मागच्या चाकाचं पंक्चर काढल्यानंतर हमखास ऐकू येतं. हब मोटरचं, म्हणजे मधोमध मोटर बसवलेलं, चाक काढताना आसाजवळचा कनेक्टर सोडावा लागतो. परत लावताना तो बाणाच्या खुणेपर्यंत आत गेला नाही, किंवा तिरका रेटल्यामुळे आतली पिन वाकली, तर मोटर फिरत नाही किंवा नुसती गचके देते. आवाज येतोय पण चाकाला जोर नाही, असं असेल तर गिअरच्या हब मोटरमधले प्लास्टिकचे गिअर किंवा क्लच बघायला हवेत. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, तेव्हा बहुधा ठणठणीत असतं. आणि सायकल बंद असतानाही चाक जड फिरत असेल तर मोटरचा कनेक्टर काढून पुन्हा फिरवा. हलकं झालं तर बिघाड कंट्रोलरमध्ये.

वायरी कापायचा सल्ला मात्र निव्वळ आगाऊपणा. ब्रेकचा लिव्हर दाबला की मोटर बंद करणारा स्विच अडकलेला असू शकतो, हे खरं. बहुतेक सायकलींत त्याचा कनेक्टर नुसता सोडला तरी ते कळतं: असिस्ट परत आला तर स्विच खराब. त्यासाठी पक्कड कशाला? कापलेली टोकं एकमेकांना चिकटली तर कंट्रोलरला ब्रेक कायम दाबलेलाच वाटणार. शिवाय पॅडल थांबवल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते. सिग्नलला पुढे रिक्षा उभी असताना तो क्षण फार मोठा असतो. तपासणी झाली की नवा स्विच बसवा.

बॅटरी शून्यावर आणायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियम-आयनला त्याने अपायच होतो. रिकामी करून आठवडेच्या आठवडे ठेवली तर सेल इतके खाली जातात की चार्जरही ती स्वीकारत नाही.

राहिली एक तक्रार, जी त्या मजकुराखाली हमखास येते: ‘वेग घेतला की असिस्ट जातो.’ जाणारच. भारतात २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी सायकल नोंदणीतून सुटते, म्हणून मोटर त्या वेगाला हात आखडता घेते. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.