देशाच्या मधोमध राहण्याचे तोटे

नागपूरच्या माणसाकडे पाहुण्याला दाखवायला दुसरे काही नसले, तरी झिरो माईलचा स्तंभ असतो. १९०७ साली इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने उभारलेला तो खांब आणि त्याच्या शेजारचे चार घोडे दाखवून झाले, की आम्ही छाती काढून सांगतो, ‘येथून सगळा देश सारख्याच अंतरावर आहे.’ हे विधान कितपत खरे आहे हे आजवर एकाही पाहुण्याने मोजून पाहिलेले नाही. मीही पाहिले नव्हते. ते मोजण्याची पाळी माझ्या मित्रामुळे माझ्यावर आली, आणि तेव्हापासून त्या खांबावरून जाताना मी मान दुसरीकडे वळवतो.

हा मित्र बँकेतून निवृत्त झाला, त्याला आता वर्ष होऊन गेले. आमची मैत्री अडतीस वर्षांची आहे. ती इतकी टिकली याचे कारण, आता विचार केल्यावर लक्षात येते, की या अडतीस वर्षांत आम्हा दोघांना मिळून कसलाही निर्णय घ्यावा लागला नव्हता. रविवारी सकाळी तर्री पोहे कोठे खायचे हे तेवढे ठरवायचे असे, आणि तेही ठेलेवाला ठरवत असे, कारण उधारी त्याच्याकडे होती. अशाच एका रविवारी, तर्रीने डोळ्यांत पाणी आलेले असताना, मित्र म्हणाला, “आपण गाडीनं कन्याकुमारी ते काश्मीर करू.” मला त्या क्षणी बोलता येत नव्हते, म्हणून मी मान हलवली. नाकातोंडातून पाणी वाहत असलेल्या माणसाची मान कोणत्या दिशेने हलते यावर करार होऊ नयेत, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

पुढच्या रविवारी तो संगणकावर केलेला तक्ता छापूनच घेऊन आला. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हाती वेळ आणि तक्ता एकदम आले, की काय होते हे ज्याने पाहिले नाही, त्याने ते पाहू नये. तारीख, अंतर, मुक्काम, नाश्ता, इंधन, टोल, ‘संभाव्य अडचणी’ आणि ‘अडचणींवर उपाय’ अशा रकान्यांबरोबर त्यात ‘शौचालय (तुझ्यासाठी)’ असाही एक रकाना होता. तो रकाना पिवळ्या रंगाने भरला होता. कारण विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

रस्ता ठरवायचा प्रश्नच नव्हता, कारण तो आमच्या घरासमोरूनच जातो. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंतचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हा देशातला सर्वांत लांब महामार्ग, सुमारे ३,७४५ किलोमीटरचा. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा अनेक जुने रस्ते जोडून हा एक झाला, आणि आमच्या वाट्याचा जुना सात नंबरही त्यातच विरघळला. अर्थात शहरात त्याला ४४ म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दक्षिणेला निघालो की आम्ही वर्धा रोडने जातो, उत्तरेला निघालो की कामठी रोडने. त्या वर्धा रोडच्या दुसऱ्या टोकाला समुद्र आहे, ही कल्पना मला फार मोहक वाटली, आणि मी तक्त्यावर सही केली. होय, सहीसाठीही जागा होती.

खरी अडचण गणिताची होती आणि ती माझ्या बायकोने काढली. तिने विचारले, “कन्याकुमारीहून निघणार, पण कन्याकुमारीला जाणार कसे?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. नागपूरहून कन्याकुमारी सतराशे-साडेसतराशे किलोमीटर, श्रीनगर दोन हजारांच्या आत-बाहेर. पुणे किंवा मुंबईचा माणूस असे काही करायला निघाला, तर त्याला वाकडी वाट करून एखाद्या टोकाला जावे लागते. आम्हाला तेही सुख नाही. आम्हाला ज्या रस्त्याने यायचे, त्याच रस्त्याने आधी जायचे. म्हणजे आधी कन्याकुमारीपर्यंत खाली जा, मग तेथून श्रीनगरपर्यंत सगळा देश वर चढा, आणि मग श्रीनगरहून परत नागपूरला उतरा. बेरीज केली तर बरोबर दुप्पट भरते, सुमारे साडेसात हजार किलोमीटर, आणि रस्त्याचा प्रत्येक दगड दोनदा पाहायचा. देशाच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला देश ओलांडण्याचे भाडे दुप्पट पडते, हे कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेले नाही.

मी सुचवले, की यंदा नागपूर ते कन्याकुमारी करू आणि पुढच्या वर्षी नागपूर ते श्रीनगर. अंतर तेवढेच, रस्ता तोच. मित्राने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी निम्म्या रकमेचा धनादेश पूर्ण म्हणून वठवून मागत होतो. “ते दोन तुकडे झाले. कन्याकुमारी ते काश्मीर सलग व्हायला पाहिजे.” मग सलग म्हणजे काय, यावर पुढचे तीन रविवार गेले.

त्या तीन रविवारांतून एक नियम जन्माला आला: प्रवास सुरू झाल्यावर घरी झोपायचे नाही. घरी झोपले की प्रवास मोडला. नियम ऐकायला सरळ होता. पण कन्याकुमारीहून वर निघाल्यानंतर तक्त्याप्रमाणे चौथ्या रात्रीचा मुक्काम कोठे येत होता, तर नागपूरला. मी म्हणालो, हे बरे झाले, आपापल्या घरी जेवू, आपापल्या गादीवर झोपू. मित्र ठाम होता. त्याने त्या रकान्यात वर्धा रोडवरच्या एका हॉटेलातली दोन पलंगांची खोली लिहून ठेवली होती. ते हॉटेल माझ्या घरापासून पायी अकरा मिनिटांवर आहे आणि माझ्या गच्चीवरून त्याची पाटी दिसते.

ही बातमी घरी सांगताना मी शक्य तितका सहज स्वर लावला. बायकोने भाजी निवडता निवडता सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “हरकत नाही. खोलीतल्या खिडकीतून मला हात करा. आणि मळके कपडे वॉचमनकडे ठेवून जा, मी धुऊन ठेवीन.” थोड्या वेळाने तिने असेही विचारले, की त्या रात्री पाणी आले नाही तर तिने आंघोळीला हॉटेलात येणे नियमात बसते का. मी हा प्रश्न मित्राकडे पाठवला. त्याने तो ‘संभाव्य अडचणी’त नोंदवला.

मुक्काम मार्गी लागल्यावर गाडीचा प्रश्न आला. त्याच्याकडे २०१३ ची मोठी डिझेल गाडी आहे, माझ्याकडे २०१८ ची छोटी पेट्रोल गाडी. त्याच्या गाडीत पाय पसरता येतात, पण महामार्ग दिल्लीतून जातो आणि दिल्लीने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांशी वाकडे घेतले आहे. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०१५ चा, आणि त्यानंतर तो कधी कडक तर कधी सैल होत आला आहे. आपण पोहोचू त्या दिवशी तो कोणत्या अवस्थेत असेल हे सांगणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. गाडी जप्त झाली तर ‘अडचणींवर उपाय’ या रकान्यात मित्राने ‘रेल्वे’ असे लिहिले होते. तो रकाना वाचून मी माझी गाडी देऊ केली, आणि तेव्हापासून तो माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून गुडघे दाराला लागतात की नाही हे पाहत असतो.

याच सुमारास त्याने एक नवा सिद्धान्त मांडला: प्रवास काश्मीरकडून कन्याकुमारीकडे करावा, कारण ‘तो उतार आहे, पेट्रोल कमी लागेल’. मी पोट धरून हसलो. नकाशा भिंतीवर टांगलेला असतो म्हणून देश उतरता होत नाही, असे मी त्याला बजावले. भूगोल शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेलेली असल्याने त्यावर एक छोटे व्याख्यानही दिले. घरी येऊन सहज पाहिले, तर श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटर उंचीवर, नागपूर तीनशे मीटरवर आणि कन्याकुमारी थेट समुद्रावर. उतारच आहे. हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. शिवाय त्या उताराच्या माथ्यावर जायला आधी दोन हजार किलोमीटर चढ चढावा लागतो, एवढा एक मुद्दा माझ्या बाजूने शिल्लक आहे.

मग महिना. वाचकांपैकी कोणाला वाटत असेल, की निवृत्त माणसांना बारा महिने मोकळे असतात, तर त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर एकदा उभे राहावे. मे महिन्यात नागपुरातच पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो. त्यात जायचे तर गाडीपेक्षा आम्ही आधी तापू. जूनपासून पाऊस, आणि पावसात रामबनच्या बाजूला डोंगर रस्त्यावर येतो. डिसेंबर-जानेवारीत काश्मीरच्या रस्त्यावर बर्फ, आणि खाली पंजाबपासून दिल्लीपर्यंत धुके, ज्यात पुढचा ट्रक दिसत नाही, फक्त त्याच्या मागे लिहिलेला उपदेश शेवटच्या क्षणी दिसतो. ऑक्टोबर चांगला, तर तमिळनाडूचा पाऊस नेमका तेव्हाच सुरू होतो. आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा लागतो, ही व्यवस्था कोणी केली कोण जाणे. देशाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी बरे हवामान असेल असे दिवस शोधता शोधता आम्ही सप्टेंबरच्या अखेरीला पोहोचलो, तर तेथे पितृपक्ष बसला होता. उरला फेब्रुवारी. फेब्रुवारीत मित्राच्या भाचीचे लग्न निघाले. भाचीला विचारून लग्न पुढे ढकलता येईल का, हे त्याने खरोखर बहिणीला विचारले. त्या दोघांत सध्या बोलणे नाही.

मतभेदांचा सर्वांत मोठा ढीग मात्र रस्त्याच्या कडेला होता. माझ्या मनात होते, की एवढा देश पायाखालून जाणार तर चार गोष्टी पाहाव्यात. कर्नूलजवळ आलमपूरची चालुक्यकालीन मंदिरे आहेत, गुत्तीचा किल्ला तर रस्त्यालाच लागून आहे, आणि हिंदुपूरच्या बाजूला जरा आत वळले की लेपाक्षीचा तो भला मोठा दगडी नंदी. मित्राचे म्हणणे, की महामार्ग सोडायचा नाही, सोडला की सलगपणा गेला. हाच सलगपणा खाण्याच्या बाबतीत मात्र लवचीक होत असे. त्याच्या तक्त्यात कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की होती, तिरुनेलवेलीचा हलवा, मुरैनाची गजक, आग्र्याचा पेठा आणि मुरथलचे पराठे. मुरथलपुढे तीन तास धरले होते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यापुढे ‘गाडीतून’ असे लिहिले होते. मी सहज विचारले, की तुला साखर आहे ना? तो म्हणाला, “म्हणून तर एकेकच खायचं.”

या सगळ्या काळात प्रत्यक्ष कृती म्हणून आम्ही एकच गोष्ट केली. फास्टॅगचा वार्षिक पास काढला. तेव्हा तीन हजार रुपयांत वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गावरचे टोलनाके दोनशे वेळा ओलांडता येणार, हा हिशेब मित्राच्या बँकेतल्या काळजाला इतका भिडला, की प्रवासाची तारीख ठरण्याच्या आत त्याने माझ्या गाडीवर तो पास चढवला. निम्मे पैसे माझ्याकडून त्याच संध्याकाळी घेतले. त्या दिवसापासून पासाचे दिवस मोजायला सुरुवात झाली, आणि दर रविवारी पोह्यांबरोबर मला ऐकावे लागू लागले, की आज आपले आठ रुपये बावीस पैसे वाया गेले.

पास उगाच सडतो आहे हे त्याला सहन होईना, म्हणून शेवटी सरावाची एक फेरी ठरली. नागपूर ते हिंगणघाट, जेमतेम पंचाहत्तर किलोमीटर. पहाटे चारला निघायचे ठरले होते. सात वाजून दहा मिनिटांनी निघालो, कारण ठेला साडेसहाला उघडतो. मित्राने पहिल्या किलोमीटरला डावा हात दारावरच्या दांडीला आणि उजवा हात डॅशबोर्डवर लावला, तो बुटीबोरीपर्यंत काढला नाही. पुढचा ट्रक अर्ध्या किलोमीटरवर असताना तो पायाखालच्या चटईवर ब्रेक दाबत असे. चटई दुमडली. मला गाडीत जुनी गाणी लागतात, त्याला शांतता लागते आणि त्या शांततेत बोलायला लागते. मला खिडकी उघडी हवी, त्याला वातानुकूलन हवे. अडतीस वर्षांत आम्ही एकमेकांसोबत बंद खोलीत पाऊण तासाहून अधिक कधी बसलो नव्हतो, हे मला वर्धा रोडवर प्रथमच कळले. जांबच्या फाट्यावर मी गाडी थांबवली, तेव्हा त्याने घड्याळ पाहून पिवळ्या रकान्यात वेळ लिहिली आणि समाधानाने मान हलवली.

हिंगणघाटला आम्ही चहा घेतला. वणा नदीच्या पुलावर उभे राहून थोडा वेळ दक्षिणेकडे पाहिले. रस्ता सरळ जात होता, ट्रक जात होते, एका ट्रकवर तमिळ अक्षरे होती आणि ती आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हती. “असाच गेला तर तीन दिवसांत समुद्र,” मित्र म्हणाला. मी काही बोललो नाही. खरे तर तेव्हा चावी माझ्या हातात होती आणि टाकीही भरलेली होती. मग त्याची गोळ्यांची डबी घरी राहिल्याचे त्याच्या लक्षात आले.

दीड वाजता परत आलो. जेवून मी आडवा झालो तोच त्याचा फोन आला. दोन फेऱ्या वजा जाता एकशेअठ्ठ्याण्णव उरल्या, हे त्याने आधी सांगितले. मग आवाज खाली आणून विचारले, “तू झोपला तर नाही ना बे?”

मी म्हणालो, “आत्ताच डोळा लागत होता. का?”

“घरी?”

“मग कुठे?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तक्ता चाळल्याचा आवाज आला, आणि त्यामागून पेन्सिलीने लिहिलेले खोडरबराने पुसल्याचा.