क्रमांक टाकून देऊ नका, त्यामागची फाईल उघडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

महाविद्यालय निवडताना क्रमवारी बाजूला ठेवावी, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण ब्रह्मपुरीहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, ती मी दोन-तीनदा वाचली. तिला चार ओळींत उत्तर देणे मला पटेना, म्हणून हे लांबलेले पत्र.

इतर वाचकांसाठी आपले आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. ज्यांचे काका-मामा नागपुरात प्राध्यापक आहेत त्यांना क्रमवारीला नावे ठेवणे परवडते, पण तालुक्याच्या गावी राहून मुलीचा प्रवेश ठरवणाऱ्या बापाजवळ दुसरे मोजमापच नसते, हा आपला पहिला आक्षेप. कंपन्या क्रमांक पाहूनच येतात, हा दुसरा. तिसरा असा की विदर्भातली संस्था घसरली की आपण संस्थेला जाब विचारत नाही, मोजपट्टीला दोष देतो. नागपूरची व्हीएनआयटी (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय यादीत २०२२ मध्ये ३२वी होती, २०२३ मध्ये ४१वी झाली, तेव्हाही हेच झाले. याशिवाय मुलीपुढचा प्रत्यक्ष पेचही आपण लिहिला आहे. त्याकडे शेवटी येतो.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि मागच्या लेखातले ते वाक्य मी मागे घेतो. मी नागपुरातल्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात अठरा वर्षे शिकवले. कोणत्या विभागात खरोखर शिकवले जाते आणि कोणत्या विभागाची प्रयोगशाळा फक्त तपासणीच्या आठवड्यात उघडते, हे मला दोन फोन करून कळते. ही सोय आपल्याजवळ नाही, आणि ती गृहीत धरून मी सल्ला दिला ही माझी चूक होती. केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय क्रमवारीची चौकट (इंग्रजी आद्याक्षरांनी एनआयआरएफ) जाहीर केली आणि २०१६ मध्ये पहिली यादी आली. त्याआधी बाहेरगावच्या पालकाला चौकाचौकांतले फलक, मासिकांची सर्वेक्षणे आणि प्रवेशाच्या दिवसांत बसस्थानकाबाहेर भेटणारे मध्यस्थ एवढाच आधार होता. त्या तुलनेत ही यादी म्हणजे मोठीच सोय, यात शंका नाही.

माझे म्हणणे आता मी नीट मांडतो. त्या यादीतली सर्वांत मोलाची गोष्ट क्रमांक ही नाही. क्रमांकासाठी संस्थेला जी माहिती भरून द्यावी लागते आणि स्वतःच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवावी लागते, ती फाईल सर्वांत मोलाची आहे. आणि आश्चर्य म्हणजे पालकांपैकी जवळजवळ कोणीच ती उघडत नाही. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एनआयआरएफ असा दुवा असतो, त्यावर वर्षवार पीडीएफ असतात. चार वर्षांच्या पदवीचा तक्ता काढा. त्यात एका ओळीत एका तुकडीचा सगळा प्रवास असतो : पहिल्या वर्षाला किती जागा होत्या, किती भरल्या, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, विहित वेळेत किती जणांनी पदवी घेतली, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि पुढच्या शिक्षणाला किती गेले. पगाराची रक्कम आकड्यांत आणि कंसात अक्षरीही लिहिलेली असते, त्यामुळे एखादे शून्य जास्त वाचले जाण्याची भीती नाही.

ही एक ओळ किती बोलते ते पाहा. समजा, पहिल्या वर्षाला ६०० जणांनी प्रवेश घेतला, वेळेत पदवी ४२० जणांना मिळाली आणि नोकरी २१० जणांना लागली. फलकावर हेच महाविद्यालय 'पात्र विद्यार्थ्यांपैकी' इतके टक्के असे लिहील आणि पात्र कोण हे स्वतःच ठरवील, शिवाय सर्वांत मोठे पॅकेज मिळालेल्या एका मुलाचा फोटो लावील. तक्त्यात मात्र ६०० आणि २१० हे दोन्ही आकडे एकाच ओळीत असतात. मध्यक पगार म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधल्या मुलाला मिळालेला पगार. तो एका मुलाच्या मोठ्या पॅकेजने फुगत नाही. आपल्या मुलीला काय मिळण्याची शक्यता आहे, या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा जाहीर आकडा हाच आहे.

आता क्रमांक कसा बनतो ते पाहू. अभियांत्रिकीच्या यादीत अध्यापन व साधनांना ३० टक्के, संशोधनाला ३०, पदवीनंतरच्या निष्पत्तीला २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० टक्के भार असतो. मुलीच्या चार वर्षांशी यांतल्या काही गोष्टींचा थेट संबंध आहे, काहींचा दूरचा आहे. संशोधनातले लेख स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींतून मोजतात. हे मोजमाप पीएच.डी. करणाऱ्यासाठी महत्त्वाचे आहे, पण दुसऱ्या वर्षाला सर्किट थिअरी शिकवणारा प्राध्यापक वर्गात येतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. या पाच गोष्टींची बेरीज केली की आपल्या कामाचे आणि बिनकामाचे एकत्र कालवले जाते आणि हातात एकच आकडा उरतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या प्रश्नाचे उत्तर नसतो.

शिवाय ही माहिती संस्था स्वतः भरते, आणि इथे मला स्वतःचा एक अनुभव सांगितला पाहिजे, कारण तो अजून मनातून गेलेला नाही. माहिती भरण्याच्या समितीत मी एका वर्षी होतो. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री साडेनऊला आम्ही चौघे कार्यालयात बसलो होतो आणि पडद्यावर प्राध्यापकांची यादी होती : नाव, वय, पद, पात्रता, अनुभव महिन्यांत, रुजू झाल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात नियमित की कंत्राटी. आमच्याकडे आठ जण तासिका तत्त्वावर होते. त्यांतली एक बाई सकाळी आमच्याकडे दोन तास घेऊन दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात जात असे. त्या आठही जणांपुढे 'नियमित' लिहायचे ठरले. मी हरकत घेतली. सगळेच लिहितात, असे उत्तर मिळाले आणि नोंदी तशाच गेल्या. पुढच्या वर्षी मी समितीत नव्हतो. त्या बाईंचे मानधन त्या वर्षी चार महिने थकले होते, आणि कागदावर मात्र त्या आमच्या नियमित प्राध्यापक होत्या.

हे फक्त आपल्याकडेच होते असे मानू नका. अमेरिकेतले कोलंबिया विद्यापीठ यूएस न्यूज या तिथल्या प्रकाशनाच्या राष्ट्रीय यादीत दुसऱ्या स्थानावर होते. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने दिलेले आकडे एकेक करून तपासले. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के आहेत, असे विद्यापीठाने कळवले होते. थॅडियस यांच्या हिशेबाने ते प्रमाण ६३ ते ६७ टक्क्यांच्या आसपास होते. विद्यापीठाने पुढे काही आकडे चुकल्याचे मान्य केले आणि त्या वर्षीच्या यादीत कोलंबिया अठराव्या स्थानावर गेले. त्या काही महिन्यांत तिथले शिकवणे काही एकाएकी बिघडले नव्हते. थॅडियस यांना हे करता आले, कारण विद्यापीठाचे आकडे कुठे ना कुठे उघड पडलेले होते. आपल्याकडेही प्राध्यापकांची यादी नावांसकट उघड आहे. आपल्या हाती तोच मार्ग आहे.

आता तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत जास्त लागला, कारण त्यात तथ्य आहे. 'विदर्भावर अन्याय' हे वाक्य आपण इतक्या ठिकाणी वापरले आहे की आता त्याआड आळसही लपतो. नागपूर विद्यापीठ १९२३ चे, हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे, आणि मध्य प्रांताच्या काळापासून हे शहर शिक्षणाचे केंद्र. या वारशाचा अभिमान सांगायचा आणि विद्यापीठातली प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली तरी गप्प बसायचे, हे मी चालवून घेणार नाही. विद्यार्थ्यांमागे प्राध्यापक किती, हे क्रमवारीत मोजले जाते, आणि तिथे गुण कमी पडत असतील तर ती मोजपट्टीची चूक नाही. तेवढ्यापुरती ही यादी आपल्याला आरसा दाखवते आणि आपण तो पाहिला पाहिजे.

पण व्हीएनआयटीच्या उदाहरणावरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. यादीच्या वरच्या टोकाला गुणांत मोठमोठी अंतरे असतात. तीस-चाळीसच्या घरात आले की शेजारच्या दोन क्रमांकांमधले अंतर बहुतेकदा एका गुणाचेही नसते. तिथे नऊ पायऱ्या खाली येणे म्हणजे दोन-चार गुणांचा फेरफार असू शकतो, किंवा आपण जागच्या जागी असताना इतर नऊ संस्था पुढे सरकणेही असू शकते. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, तो क्रमांक ३९ झाला, म्हणून बजाजनगरच्या त्या आवारात बारा महिन्यांत काही सुधारले असे आपण म्हणणार आहोत का? घसरण पाच-सहा वर्षे एकाच दिशेने होत असेल तर मात्र प्रश्न विचारावा, आणि तो क्रमांकावरून न विचारता पाच घटकांपैकी कोणत्या घटकाचे गुण उतरले ते पाहून विचारावा. ते गुणही यादीत वेगवेगळे दिलेले असतात.

काही बाबतींत मोजपट्टी आपल्या संस्थांना खरोखरच बसत नाही, हेही सांगायला हवे. समावेशकतेच्या घटकात परराज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना गुण असतात. एनआयटीमध्ये निम्म्या जागा बाहेरच्या राज्यांसाठी असल्याने तिथे अडचण नाही. पण राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून भरणाऱ्या आणि गोंदिया-गडचिरोलीच्या मुलांना शिकवणाऱ्या महाविद्यालयाला त्याच घटकात कमी गुण पडतात, आणि ही गोष्ट त्या महाविद्यालयाने कमीपणाची मानावी असे मला वाटत नाही. एकूण विद्यार्थिसंख्येलाही गुण असल्यामुळे लहान, एकाच विषयाला वाहिलेली संस्था मागे पडते. अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिली आणि रासायनिक व तेल तंत्रज्ञान हेच तिचे क्षेत्र राहिले. तेल, रंग आणि खाद्यप्रक्रिया उद्योगांतल्या माणसांना तिचे नाव सांगावे लागत नाही. तिची योग्यता सर्वसाधारण यादीत शोधणे हे त्या यादीकडून नको ते काम करून घेणे आहे. आणि विद्यापीठाचा क्रमांक पाहून त्याच्याशी संलग्न महाविद्यालय निवडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तो क्रमांक विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचा असतो, संलग्न महाविद्यालयाला तो लागू होत नाही.

कंपन्यांविषयी फार लिहीत नाही. प्लेसमेंटच्या कामात मी काही वर्षे होतो. कंपनीचे पत्र यायचे त्यात कोणत्या शाखा चालतील, दहावीपासून किती टक्के हवेत, बॅकलॉग चालेल की नाही, एवढेच असायचे, आणि मागच्या वर्षी नेलेली मुले टिकली की नाही यावर ती कंपनी पुन्हा येणार की नाही ते ठरायचे. क्रमांकाचा उल्लेख मी त्या पत्रांत वाचल्याचे आठवत नाही. परदेशी शिक्षणाची गोष्ट वेगळी आहे. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी क्यूएस या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आतले विद्यापीठ असणे ही अटच आहे. तिथे क्रमांकाशी वाद घालण्यात अर्थ नाही, तो पाहावाच लागतो. मग त्या यादीचा ४५ टक्के भार प्राध्यापक आणि नोकरी देणाऱ्यांच्या मतांवर का असेना.

आता आपल्या मुलीविषयी. आपण लिहिता की एक महाविद्यालय यादीत १५१ ते २०० या गटात आहे आणि तिथे तिला स्थापत्य मिळेल. दुसरे यादीत नाही, पण स्वायत्त आहे आणि तिथे तिला हवे असलेले इलेक्ट्रॉनिक्स मिळू शकते. आपला कल पहिल्याकडे आहे, कारण ते 'गटात वरचे' आहे. शंभरानंतरच्या गटांत संस्थांची नावे इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेली असतात. गटात आधी नाव येणे म्हणजे वरचा क्रमांक नव्हे. दुसरे महाविद्यालय यादीत नाही याचा अर्थही ते वाईट आहे असा होत नाही, कारण सहभाग ऐच्छिक असतो. अर्थात ते चांगले आहे असाही होत नाही, म्हणून ते तपासावे लागेल.

त्यासाठी एनबीएचे, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, मानांकन पाहा. ते महाविद्यालयाला नसून शाखेला असते आणि ठरावीक वर्षांपुरते असते. इलेक्ट्रॉनिक्सला ते आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे प्रमाणपत्रावरच पाहा. दुसरे, एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाप्रमाणे संकेतस्थळावर ठेवलेल्या मँडेटरी डिस्क्लोजरमधली (सक्तीने जाहीर करायच्या माहितीतली) प्राध्यापकांची नावे आणि विभागाच्या पानावरची नावे समोरासमोर ठेवून जुळवा. एखाद्या दिवशी मुलीला घेऊन विभागात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की यांतले कोण कोण शिकवतात. तिसरे, प्लेसमेंट कार्यालयाकडून शाखावार यादी मागा, कारण सरकारी तक्त्यात सगळ्या शाखा एकत्र असतात. यादी देण्यास टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजा. हेच तीन प्रश्न पहिल्या महाविद्यालयातल्या स्थापत्य विभागालाही विचारा.

दोन्हीकडची उत्तरे साधारण सारखी आली तर मी पसंतीक्रमात इलेक्ट्रॉनिक्स आधी लिहीन, कारण चार वर्षे अभ्यास तिला करायचा आहे आणि तो विषय तिने मागितला आहे. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांची वाट पाहता येत नाही. म्हणून पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म पक्का करण्याआधी ही चौकशी उरका, आणि दोन्ही महाविद्यालयांची कागदपत्रे मला पाठवलीत तर मीही ती ओळीओळीने वाचीन.