अकरा स्नोमॅन आणि एक रफार

"ताई, खोली पूर्ण खाली पायजे, एकही डबा नको," असं पेंटर म्हणाला आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण तो ज्या खोलीबद्दल बोलत होता त्या खोलीत माझे शिक्के होते आणि ते एकूण किती आहेत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे मलाही नव्हतं, पण मला अंदाज होता म्हणून भीती होती. बाकीच्यांना अंदाजच नव्हता म्हणून ते सुखी होते.

शिक्के म्हणजे रबर स्टॅम्प. मी कार्डं बनवते. वाढदिवसाची, बारशाची, दिवाळीची, कोणी मागितली तरी आणि नाही मागितली तरी. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने सहज विचारलं होतं, "किती झाले गं एकूण?" मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "असतील शंभरेक." आता "शंभरेक" मधला तो "एक" फार दिलदार आहे बरं का, त्याच्यात काहीही मावतं. त्यानंतर हा विषय निघाला नाही कारण मी तो निघू दिला नाही.

पण दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा ठरला आणि बिंग फुटायची वेळ आली. दसरा झाला, आंबिया बहाराची संत्री ठेल्यांवर दिसायला लागली अन् इकडे आमच्या घरात उत्खनन सुरू झालं. कपाटातले दहा डबे तर सगळ्यांना माहीत होते, ते मी स्वतःच छाती पुढे काढून बाहेर आणून ठेवले. मग दिवाणाच्या पेटीतून गाद्या काढल्यावर खाली सहा निघाले. सोनपापडीचे डबे, जोड्यांची खोकी, एक बिस्किटाचा जुना टिनचा डबा ज्याच्यात प्रत्येक घरात सुई-दोरा असतो, आमच्यात फुलपाखरं होती. नवरा काही बोलला नाही. त्याने फक्त चष्मा काढून पुसला.

मग तो म्हणाला, "बाल्कनीतला कूलर पण आतमध्ये घेऊन टाकू, ग्रिलला रंग मारायचाय." आणि मी एकदम म्हटलं, "कूलर राहू द्या, जड आहे!" इथेच मी फसले, कारण नागपूरचा माणूस रिकाम्या कूलरचं वजन ओळखतो. पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो, टाकी पुसून कोरडी करून ठेवतात, आणि मग मार्चपर्यंत त्या टाकीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. एवढी मोठी, झाकलेली, कोरडी जागा, ती काय वाया घालवायची? मागच्या वर्षी मी त्यातले डबे होळीच्या आधीच आठवणीने काढले होते. या वर्षी आठवण ठेवायची पाळीच आली नाही. नवऱ्याने एका बाजूची वाळ्याची ताटी काढली, आत हात घातला आणि एकामागून एक पाच डबे बाहेर काढले, जादूगार सशे काढतो तसे. सहाव्यांदा हात घातला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

सासूबाई हॉलमध्ये खुर्ची टाकून हे सगळं बघून राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय वं, एवढे शिक्के कायले पायजे? तू का तहसीलदार होय?" आणि मग थोडं थांबून, स्वतःशीच, "मारबत होऊन गेली नं बापा, नाहीतर तिच्याच संगं धाडले असते." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इथे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, लोक "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडतात आणि घरातली सगळी पीडा गावाबाहेर जाते. माझी पीडा तेव्हा कूलरमध्ये लपून बसली होती म्हणून वाचली.

मग नवरा म्हणाला, मोजू. मुलगी नववीत आहे, तिला असल्या कामात भलताच उत्साह, ती लॅपटॉप घेऊन बसली. आणि पहिल्याच डब्याला अडलं. सेट मोजायचे का सुटे मोजायचे? मी ताबडतोब म्हटलं, सेट. एका प्लास्टिकच्या शीटवर चिकटून आले म्हणजे एकच. नवरा म्हणाला, "म्हणजे एका खोक्यात बारा आंबे आले तर आपण एक आंबा खाल्ला म्हणायचं का?" सेटच्या हिशोबाने ७४ होत होते, मी तर देवाचे आभार मानायला तयार होते, "शंभरेक" च्या आतच की! पण दोनाविरुद्ध एक मतांनी सुटे मोजायचं ठरलं. सासूबाई तटस्थ राहिल्या पण त्यांची तटस्थता कोणत्या बाजूला होती ते दिसतच होतं.

सुटे मोजणं म्हणजे काय असतं ते सांगते. जुने शिक्के लाकडी ठोकळ्यावर बसवलेले असतात, ते मोजायला सोपे, हातात घ्या आणि बाजूला ठेवा. पण आजकालचे बहुतेक पारदर्शक पॉलिमरचे असतात, जेलीसारखे, पातळ. ते अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचे, छापायचे आणि परत सोलून शीटवर ठेवायचे. सोलताना चट् असा बारीक आवाज येतो, तो मला फार आवडतो, त्याच आवाजापायी अर्धी खरेदी झालेली आहे. हे शिक्के कशालाही चिकटतात. एकमेकांना, टेबलाला, कोपराला. आणि एका सेटमध्ये मोठं फूल असतं, तीन पानं असतात आणि साबुदाण्याएवढे ठिपके असतात. मुलगी विचारते, "आई, ठिपका धरायचा का?" मग देवनागरी अक्षरांचा सेट निघाला. "आई, वेलांटी वेगळी धरू की अक्षरासोबत?" आता यावर मराठीच्या बाईंनीसुद्धा काय सांगितलं असतं! मी म्हटलं, वेलांटी एकटी कधी राहते का? नवरा म्हणाला, "वेगळी धर. पैसे वेगळे पडले असतील."

मधेच त्याने महाराजांना आणलं. "महाराजांनी दोन मुद्रांवर स्वराज्य चालवलं. पत्राच्या वर राजमुद्रा आणि मजकूर संपला की खाली 'मर्यादेयं विराजते', म्हणजे त्याच्यापुढे कोणी काही घुसडू नये. तुझ्याकडे ती दुसरीच मुद्रा नाही. मर्यादा." मी म्हटलं, प्रधानांच्या मुद्रा वेगळ्या होत्या, त्या मोजा नं. आणि मोहेंजोदडो-हडप्पाच्या खोदकामात हजाराच्या वर मुद्रा निघाल्या, तिथे कोणी म्हटलं का की बाई, एवढे कायले पायजे? उलट म्युझियममध्ये काचेत ठेवल्या. तो म्हणाला, "त्यांच्याकडे निदान बैल, हत्ती होते. तुझ्याकडे काय आहे हे?" आणि त्याने स्नोमॅन वर धरला.

इथे मात्र माझी बोलती बंद झाली. कारण हे खरंच आहे. हे शिक्के बहुतेक बाहेरच्या देशांतल्या डिझाइनचे असतात, त्यामुळे माझ्याकडे अकरा स्नोमॅन आहेत. अकरा! बर्फाचे कण किती तर विचारू नका. घसरगाडी आहे, लोकरीची टोपी घातलेलं पेंग्विन आहे, शेकोटीपुढे झोपलेलं मांजर आहे. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५-४६ ला गेला तरी लोक फक्त "आज जरा ऊन आहे" म्हणतात, त्या गावात मी सोळा तऱ्हेच्या सूचीपर्णी झाडांची मालकीण आहे. आणि संत्रं? एक नाही. संत्र्याच्या गावात राहते, ज्या संत्र्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि माझ्या संग्रहात संत्रं नाही. लिंबाच्या चकतीचा शिक्का आहे तो मी केशरी शाईत छापून संत्रं म्हणून खपवते. एकदा मावसजावेला तसं कार्ड दिलं तर तिने चष्म्याखालून बघून विचारलं, "मोसंबी होय का?"

मराठी मजकुराचीही तीच रड. इंग्रजीत हॅपी बर्थडे माझ्याकडे एकोणतीस प्रकारचे आहेत, जाड, बारीक, वळणदार, फुग्यातले. मराठी तयार मिळता मिळत नाही. बर्डी पालथी घातली, इतवारीत फिरले. शेवटी मागच्या दिवाळीला कोर्टाजवळच्या एका शिक्केवाल्याकडे गेले, तिथे सगळे सत्यप्रत आणि प्रोप्रायटर करून घ्यायला आलेले, त्यात मी. मी म्हटलं, गोल शिक्का पाहिजे, आत दिवा आणि "हार्दिक शुभेच्छा". तो म्हणाला, गोल? लेटरहेड आणलं का? मी म्हटलं, अहो शुभेच्छा आहेत, शुभेच्छांचं काय लेटरहेड? तो म्हणाला, मॅडम गोल शिक्का असा कोणालाही देत नाही. शेवटी चौकोनीवर तडजोड झाली.

संध्याकाळी शिक्का आणला, ३०० जीएसएमचा जाड कागद कापून ठेवलेलाच होता, बसले ते रात्री एकपर्यंत चाळीस कार्डं छापली. किती सुबक उमटत होतं म्हणून सांगू! सकाळी सासूबाईंनी चहा पिता पिता एक उचललं आणि वाचलं, "हादिक शुभेच्छा." मी म्हटलं, हार्दिक. त्या म्हणाल्या, "मी वाचलं ते लिहिलं आहे." रफार गायब. शिक्का उलटा कोरलेला असतो नं, आरशातल्यासारखा, त्यामुळे घेताना आपल्याला वाचता येत नाही, आपण दिवा बघतो आणि पैसे देतो. चाळीस कार्डांवर मी पेनाने चाळीस रफार काढले. शाईचा रंग जरा वेगळा पडला. एका वहिनीने फोन करून सांगितलं, "तो वरचा कोयता छान दिसते हो."

असो. मोजणी संध्याकाळपर्यंत चालली. एका मोठ्या डब्याचं झाकण उघडलं तर भसकन वास आला, नवरा म्हणाला टायरच्या दुकानासारखा येतो. येणारच. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयर नावाच्या माणसाने गंधक घालून रबर तापवून पक्कं करायचं पेटंट घेतलं, त्याच्या आधी रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत ठिसूळ. म्हणजे तुमच्या स्कूटरचं टायर आणि माझा शिक्का हे सख्खे चुलतभाऊ आहेत, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "टायर मी दोनच ठेवतो." मी म्हटलं, स्टेपनी? तर गप्प बसला.

आकडा आला १,१४३. वेलांट्या आणि ठिपके धरून. मुलीने लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवून दाखवला. खोलीत एवढी शांतता पसरली की बाहेर पेंटर भिंत घासून राहिला होता तेवढाच आवाज. मी हळूच म्हटलं, "शंभरेकच म्हटलं होतं मी, वरचे मोजले नव्हते."

आणि तेवढ्यात पेंटरनेच मला वाचवलं. तो शिडीवरून ओरडला, "ताई, माळ्यावरचं पण काढा लागते."

माळा सासूबाईंचा. त्यांनी एकदम खुर्ची सोडली. "तिथं काही नाही वं, दोन-चार भांडे आहेत." दोन-चार! पेंटरच्या पोऱ्याने देता देता पाऊण तास लागला. ताटं, तांबे, गंज, वाट्या, पेले, पाच स्टीलचे डबे एकात एक घातलेले, पितळेचं घंगाळ, तीन पोळपाट. प्रत्येकावर टिकटिक टिकटिक करून नाव टाकलेलं, अमक्याच्या लग्नात तमक्याकडून, तारखेसकट. बहुतेकांच्या तळाला अजून कागदाचं लेबल. मुलगी लॅपटॉप पुढे ओढून म्हणाली, "आजी, वाटी आणि झाकण वेगळं धरू का?" सासूबाई म्हणाल्या, "चूप बस." नवरा दोन्ही ढिगांच्या मध्ये उभा होता. त्याने परत एकदा चष्मा पुसला आणि तो संत्री आणायला निघून गेला.

रात्री मी सगळं परत भरायला घेतलं. मुलगी यादीवर टिक करत होती, आणि शेवटी एक कमी पडला. स्नोमॅन दहाच. कोपरं पाहिली, चपलांचे तळवे पाहिले, पेंटरच्या पोऱ्याची पाठसुद्धा दुसऱ्या दिवशी फिरवून पाहिली, नाही. नवरा म्हणाला, "गेला असेल थंड हवेच्या ठिकाणी."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सासूबाई अनारसे करायला बसल्या. नवीन रंगाचा वास आणि तुपाचा वास एकत्र. माळ्यावरून निघालेल्या वाट्यांपैकी एक छान जड बुडाची वाटी त्यांना हाताशी आवडली होती, ती त्यांनी घासून ठेवली होती. खसखशीवर पिठाची गोळी ठेवायची, वाटीच्या बुडाने हलकेच दाबायची. पहिली दाबली, वाटी उचलली आणि त्या थांबल्या.

"अवं ये नं इकडे. अनारशात माणूस उमटला."

मी पाहिलं. टोपी, मफलर, गाजराचं नाक, पोटावर तीन बटणं. इतका स्वच्छ ठसा मला जन्मात कधी आला नव्हता. पारदर्शक असल्यामुळे वाटीच्या बुडाला चिकटलेला कोणाला दिसलाच नव्हता, घासून सुद्धा निघाला नव्हता आणि विकत घेतल्यापासून त्याला एकदाही शाई लागलेली नव्हती. मी नखाने सोलायला गेले तर सासूबाईंनी माझा हात बाजूला केला आणि दुसरी गोळी खसखशीवर ठेवली.

एका ताटात बारा स्नोमॅन झाले. नवऱ्याला बोलावलं, मुलीने फोटो काढले. मग सासूबाईंनी पहिला उचलला, खसखस वर, स्नोमॅन खाली, आणि तुपात सोडला. चुर्र झालं, जाळी फुटायला लागली. झाऱ्यावर निथळून काढला आणि उलटा करून पाहिला तर टोपी नाही, नाक नाही, काही नाही.

"विरघळला," सासूबाई म्हणाल्या. "नागपुरात कसा टिकंल?"