झटके नाचात नाहीत, वेगात आहेत

लेख छान आहे, पण त्यात 'द डाइंग स्वान' या रशियन मूकपटातला (1917) वेरा कराल्लीचा बॅले नाच 'झटकेदार' म्हटलाय, ते पटलं नाही. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, साधारण सेकंदाला 16 ते 18 फ्रेम (स्थिर चित्रं). तीच फिल्म नंतर रूढ झालेल्या सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने चालवली की तीन मिनिटांचा नाच दोन-सव्वादोन मिनिटांत उरकतो. नृत्यदिग्दर्शक फोकिनने बॅले नर्तकी पावलोवासाठी बसवलेल्या या नाचात उड्या-गिरक्यांचा थाट नाहीच. चवड्यांच्या टोकावर बारीक, सलग पावलं आणि खांद्यापासून बोटांपर्यंत जाणारी हातांची लाट, एवढ्यावर सगळं उभं आहे. वेग वाढला की तरंगणं संपतं, उरते ती लगबग. यूट्यूबवर वेग 0.75 करा आणि आवाज बंद ठेवा (नंतर जोडलेलं संगीत बहुतेक वेळा पावलांशी जुळत नाही), मग बघा.

कराल्ली ही मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरची नर्तकी; 1909 मध्ये रशियन बॅले पॅरिसला नेणाऱ्या दियागिलेवच्या तिथल्या पहिल्या हंगामात नर्तक मॉर्डकिनसोबत नाचलेली. दिग्दर्शक बाउअरने या चित्रपटात तिला मुक्या मुलीची भूमिका दिली, हे तर फारच हुशारीचं. मूकपटात मुकी नायिका, म्हणजे ओठ हलवायचे नाहीत, सगळं अंगातून सांगायचं. लेखात याचा उल्लेख हवा होता.