होडलरची नजर थंड नव्हती

प्रेयसी वालांतीन गोदे-दारेल कर्करोगाने खंगत असताना स्विस चित्रकार फर्डिनांड होडलर तिची चित्रं काढत राहिला, हा 'कलावंताचा थंडपणा' आहे असं त्याच्यावरच्या एका लेखात म्हटलंय. मला हे अजिबात पटलं नाही. क्षयाने आईवडील आणि सगळी भावंडं गमावलेला माणूस होता तो. 25 जानेवारी 1915 ला ती गेली, तोवर आणि त्यानंतरही त्याने तिची दोनशेच्या वर रेखाटनं आणि चित्रं केली. आधी उशीला टेकून बसलेली वालांतीन हळूहळू आडवी होत जाते, शेवटी नुसती एक सपाट रेघ उरते. थंड माणूस इतके दिवस उशाशी बसत नाही हो.

बाबांच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी वहीत त्यांचा हात काढायचे. सलाईनची सुई, सुजलेली बोटं, अंगठ्यावरचा विळ्याचा जुना व्रण. काकू म्हणाली, "हे काय चालवलंयस?" पण काढताना जेवढं पाहिलं, तेवढं त्यांच्याकडे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. फोटोतले बाबा आता पुसट वाटतात. तो व्रण मात्र डोळे मिटूनही काढता येतो.