तोंडानं घ्यायची सलाईन

एकतीस वर्षं मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर गेली. ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेची, किती पाकिटं माझ्या हातून वाटली गेली याची मोजदाद नाही. पण ज्यांनी हे पाणी ऐन साथीत हजारो लोकांना पाजून दाखवलं, त्या डॉक्टरांचं नाव मला कळलं ते थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये, ते गेल्याची बातमी आली तेव्हा. डॉ. दिलीप महालनबीस. कोलकात्यात, वयाच्या ८७ व्या वर्षी गेले. ती चुटपुट अजून जात नाही. प्रशिक्षणात आम्हाला पाकीट दाखवलं, ते कसं कालवायचं हे घोकून घेतलं, पण त्यामागचा माणूस कुणी दाखवला नाही.

त्यानंतर जमेल तसं त्यांच्याविषयी वाचत गेले. १९७१ साल. बांगलादेशचं युद्ध सुरू होतं, लाखो माणसं सीमा ओलांडून बंगालमध्ये येत होती आणि छावण्यांत पटकी (कॉलरा) पसरली होती. सीमेजवळच्या बनगावच्या दवाखान्यात दोन खोल्या, आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही इतके रुग्ण. उलट्या-जुलाबांच्या घाणीत गुडघे टेकून डॉक्टरांना सलाईन लावावी लागे. बाटल्या अपुऱ्या, आणि शीर शोधून सुई लावता येणारे हात मोजके. ग्लुकोजबरोबर मीठ दिलं की आतडं ते ओढून घेतं आणि मिठामागून पाणीही आत जातं, हे तोवर संशोधकांना ठाऊक झालं होतं. दवाखान्यात, तज्ज्ञांच्या नजरेखाली ते करूनही पाहिलं होतं. पण छावणीत, तेही नातेवाइकांच्या हातून? तशी जोखीम घ्यायला कुणी धजावत नव्हतं. डॉक्टर महालनबीसांनी ती घेतली.

एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात पाकिटं भरायची, बनगावात तोटीच्या पिंपांमध्ये ते कालवायचं, आणि आई-बाप-भावंडांना सांगायचं की भरून न्या आणि पाजत राहा. छावण्यांत शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. त्यांच्या केंद्रात ते प्रमाण ३.६ वर आलं.

एक गोष्ट वाचून तर मी जागच्या जागी थांबले. लोक तिथेही विचारायचे, आम्हाला सलाईन का लावत नाही? तेव्हा त्यांना सांगितलं जायचं, ही सलाईनच आहे, तोंडानं घ्यायची. अहो, हेच तर आम्ही आयुष्यभर ऐकलं! "बाई, सुई लावा ना, नुसत्या पाण्यानं काय होतंय?"

एका पाड्यावरची रात्र सांगते. जुलै महिना, ओढ्याला पूर, रस्ता बंद. दीड वर्षाचं पोर, डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू मागे जायची, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. आई म्हणाली, पाजलं की उलटून टाकतो. आम्ही चमच्यानं सुरू केलं. मिनिटाला एक चमचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा चमचा. कंदिलाच्या उजेडात आई पाजायची, ती पेंगली की आजी, आजी पेंगली की मी. पहाटे पोरानं गोधडी ओली केली. त्या बाईनं ओल्या जागेवर हात फिरवून पाहिला आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. आठेक तासांनी झालेली ती पहिली लघवी होती.

म्हणून मला वाटतं, महालनबीसांचं मोठेपण त्या मिश्रणापेक्षाही भरवशात आहे. न शिकलेली आई हे उपचार करू शकते यावर त्यांनी तेव्हा विश्वास ठेवला, जेव्हा मोठमोठे डॉक्टर ठेवत नव्हते. त्यांचा शोधनिबंध आधी नाकारला गेला, छापून यायला १९७३ उजाडलं. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं या उपचाराला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. आपल्या देशानं पद्मविभूषण दिलं जानेवारी २०२३ मध्ये. ते जाऊन तीन महिने झाले होते. मला याचं वाईट वाटतं, आणि ते मी स्पष्टच लिहिते.

शहरात आल्यावर आणखी वाईट वाटतं. माझ्या नातवाला जुलाब झाले होते. पोरगं हसत-खेळत पाणी पीत होतं, तरी एका खासगी दवाखान्यात त्याला दोन दिवस सलाईनवर ठेवलं. घरचेही खूश, कारण "ट्रीटमेंट चांगली दिली". दुसरीकडे दुकानात नावात ओआरएस लिहिलेली गोड पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं लढा दिला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं तसं नाव वापरायला बंदी केली. त्या बाईंनाही माझा नमस्कार.

आता नाशिककरांना एक विनंती. २०२७ मध्ये ऐन पावसाळ्यात सिंहस्थाची शाहीस्नानं आहेत. गर्दी, गढूळ पाणी, उघड्यावरचं खाणं. गॅस्ट्रोचं भय आम्हा आरोग्याच्या लोकांना आधी दिसतं. कमानी उभ्या राहतील, फलक लागतील. त्यात रामकुंड, तपोवन आणि त्र्यंबकच्या प्रत्येक प्रथमोपचार केंद्रावर तोटीचं एक झाकणबंद पिंप ठेवा, रोज ताजं ओआरएस कालवा, २४ तासांनी उरलेलं ओता. शेजारी एखादी आशाताई बसवा, जी जुलाब लागलेल्या पोराच्या आईला चमच्यानं कसं पाजायचं ते दाखवेल आणि सोबत दोन पाकिटं देईल. आणि पिंपावर मोठ्या अक्षरांत डॉ. महालनबीसांचं नाव लिहा.

तसा अर्ज मी लिहून ठेवलाय, सोमवारी महापालिकेत देणार आहे. आमच्या जुन्या बॅचच्या चौघी सह्या करायला येताहेत. अजून कुणाला यायचं असेल तर सकाळी साडेदहाला गेटपाशी भेटा.