परदेशातून : दादाला रायफल पाहिजे

आमच्या दादाचं म्हणणं साधं आहे. फिनलंडमधे माणूस जंगलात जातो, जनावर मारतो, फ्रीजर भरतो आणि वर्षभर घरचं मटण खातो, आणि आपल्याकडं हरणं एका रात्रीत हरभरा साफ करून जातात तरी हातात बॅटरी घेऊन नुसतं हो-हो करत हिंडायचं, हा कुठला न्याय. सांगली जिल्ह्यात सागरेश्वर अभयारण्याच्या डोंगराखाली, देवराष्ट्र्याच्या बाजूला आमचं रान आहे, त्यामुळं त्याचा राग काही हवेतला नाही. मध्यंतरी त्यानं माझ्याच फ्रीजरचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, "माझी भैन राहती तिथं परवानगी हाय, मग हितं का न्हाई?" म्हणून, आणि जुंपली. एक पार्टी म्हणे शेतकऱ्याला बंदुका द्या. दुसरी पार्टी, यात निम्मे पुण्यात राहणारे, म्हणे शिकार म्हणजे रानटीपणा, मुक्या जिवाला कशाला मारायचं. आणि मधेच एका बहाद्दरानं टाकलं की तो नोकरी सोडून वाईजवळ दोन एकर घेतोय, विहीर, गाई, कोंबड्या, शेततळ्यात मासे, सगळं घरचं, बाजारात जायचंच नाही. मला कोणी काही विचारलं नाही, फोटो मात्र माझा फिरतोय, म्हणून लिहितेय.

आधी त्या फ्रीजरमधे काय आहे ते सांगते. आम्ही उत्तर कारेलियात, योएनसू शहराच्या बाहेर राहतो. खालच्या कप्प्यात मूसचं मटण, हे घोड्याएवढं थोराड हरीण, ते आमच्या ह्यांच्या वाट्याला आलेलं. मधे ब्लूबेरी आणि लिंगनबेरीच्या पिशव्या, त्या मी आणि पोरांनी तोडलेल्या. वर पर्च नावाचा मासा, हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाला भोक पाडून गळानं धरलेला, त्याला आपली कांदा-लसूण चटणी आणि हळद लावून तव्यावर टाकला की इथल्या शेजाऱ्यांना ठसका लागतो पण ताट रिकामं होतं.

आता यातलं फुकट काय? बेरी फुकट, अळंबी फुकट, साध्या गळाचा मासा फुकट. इथं असा हक्कच आहे की जंगल कोणाच्याही मालकीचं असो, तुम्ही त्यातनं चालू शकता, बेरी आणि अळंबी तोडू शकता, फक्त कोणाच्या अंगणात शिरायचं नाही, उभ्या पिकात जायचं नाही, झाड तोडायचं नाही. पासपोर्ट कुठला ते कोणी विचारत नाही. स्वतः तोडलेली बेरी विकली तर त्या पैशावर टॅक्ससुद्धा नाही. रीळवाला गळ वापरायचा तर सरकारला वर्षाची फी भरायची, आणि जाळं टाकायचं तर त्या तळ्याचं जे मालकमंडळ असतं त्याची परवानगी काढायची.

मूस मात्र अजिबात फुकट नाही, आणि इथंच दादाचा हिशोब चुकतो. ह्यांनी आधी शिकारीची परीक्षा दिली, त्यात जनावरं ओळखणं, कायदा, कुठला हंगाम कशाचा, सगळं येतं. मग मोठ्या जनावरासाठी वेगळी नेमबाजीची टेस्ट, ७५ मीटरवरनं. बंदुकीचा परवाना पोलिसांकडनं, बंदूक ठेवायला लोखंडी कपाट, दरवर्षी शिकारी कार्डाची फी. एवढं करून एकट्यानं जंगलात जाऊन ठो करता येत नाहीच. जमिनीवर शिकारीचा हक्क जमीनमालकाचा, गावचा शिकाऱ्यांचा क्लब तो हक्क मालकांकडनं करारानं घेतो, मग त्या क्लबला यंदा किती मोठी जनावरं आणि किती पिल्लं मारता येतील ते परवान्यावर लिहून येतं. तो आकडा कुठनं येतो? शिकारीच्या हंगामात किती जनावरं दिसली याची नोंद शिकारीच ठेवतात, त्यावरनं सरकारी संशोधन संस्था अंदाज काढते, आणि त्याप्रमाणे पुढच्या वर्षीचा आकडा वर-खाली होतो. आणि दादा, हे नीट वाच, मारलेल्या प्रत्येक मूसमागं क्लब सरकारला फी भरतो, आणि त्या पैशातनं मूसनं ज्यांची कोवळी झाडं आणि पीक खाल्लं त्यांना भरपाई मिळते. म्हणजे शिकारी जनावर खातो आणि शेतकऱ्याचं नुकसान भरतो. तू फोटोत नुसतं मटण बघितलंस.

शिकार झाली की मटणाचे वाटे पडतात. अगदी आपल्या जत्रेतल्यासारखे, ढीग सारखे करून, कुणाचा कुठला ते चिठ्ठीनं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं होतं.

शेजारी एक रिटायर्ड आजोबा आहेत. त्यांचं घर सरपणावर तापतं, सरपण स्वतःच्या जंगलातलं, फोडून वर्षभर वाळवलेलं. तळघरात बटाटे, मासा तळ्याचा, वाटा क्लबचा. दुकानातनं कॉफी, दूध, पीठ असं काहीबाही. बघणाऱ्याला वाटतं काय स्वावलंबी माणूस! आहेतच ते. पण त्यांना पेन्शन आहे, दवाखाना जवळजवळ फुकट आहे, पोरांना शाळेत जेवण फुकट मिळालं (ते या देशात १९४८ पासून आहे), आणि उणे पंचवीसमधे रात्रीत बर्फ पडलं तर रस्ता साफ करायला गाडी येते. हातानं लाकडं फोडणारा म्हातारा फोटोत येतो, ती गाडी फोटोत येत नाही.

आणि माणसं किती? सगळ्या फिनलंडची लोकसंख्या छप्पन लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या सांगली आणि सातारा दोन जिल्ह्यांची मिळून अठ्ठावन्न लाख होती. हा देश महाराष्ट्रापेक्षा मोठा आहे, त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग जंगल. म्हणजे कराड, वाळवा, मिरज, जत, माण, खटाव, सगळी माणसं उचलून अख्ख्या महाराष्ट्रभर पसरली आणि मधे नुसती झाडं लावली असं समजा. सागरेश्वर अभयारण्य सगळं मिळून अकरा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तिथं आजूबाजूच्या प्रत्येक घराला एकेक हरीण द्यायचं ठरवलं तर दिवाळीच्या सुट्टीत अभयारण्य संपेल.

सागरेश्वरचं मला जास्त वाईट वाटतं कारण ते रान माणसांनी केलेलं आहे. उघडा बोडका डोंगर होता, धों. म. मोहित्यांनी ध्यास घेऊन, लोकांना गोळा करून तिथं झाडं उभी केली, हरणं आणून सोडली, १९८५ ला अभयारण्य झालं. हरणं वाढली, कुंपणाच्या आत खायला पुरेना, खाली ताकारी उपसा योजनेचं पाणी आल्यावर हिरवागार ऊस आणि द्राक्षं, ती येणारच. यात हरणाची चूक नाही आणि दादाचीही नाही. आत किती हरणं राहू शकतात, जास्तीची कुठं न्यायची, कुंपण कोण दुरुस्त करणार, याचा हिशोब दरवर्षी गावासमोर मांडला गेला पाहिजे, आणि भरपाईचा पंचनामा पीक वाळून जायच्या आत झाला पाहिजे. भांडायचं तर यासाठी भांडा.

पुण्याच्या पार्टीलाही एक सांगायचंय. रानटीपणा वगैरे म्हणणं सोपं आहे, तुमचं पनीर ज्या रानातल्या चाऱ्यावर होतं तिथं रात्री राखणीला कोण झोपतं ते एकदा बघून या. सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता तेव्हा सगळं शहर बघायला लोटलं होतं, तोच गवा शिराळ्यात आणि पाटणला कायम शिरतो, तिथं बघायला कोणी येत नाही. आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात ताडोब्याकडची वाघीण आणून सोडली, चांगलंच झालं, मला आनंदच आहे, पण आनंद करणारे लांब आणि गुरं राखणारे जवळ, हे विसरू नका. हे भांडण इथंही आहे बरं का. लांडगा. हेलसिंकीतल्यांना तो पाहिजे, आमच्या गावात ज्याचा शिकारी कुत्रा लांडग्यानं खाल्ला त्याला नको, २०२५ मधे युरोपियन युनियननं लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं तेव्हा क्लबात केक कापला आणि शहरात लोक चिडले. बिबट्याची नसबंदी करा, नको, अशी आपल्याकडची जुगलबंदी ऐकते तेव्हा भाषा तेवढी बदलल्यासारखं वाटतं.

आणि समजा दादाला परवानगी मिळालीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ११ खाली पिकाची नासधूस करणाऱ्या काही जनावरांना मारायची परवानगी देता येते, ही तरतूद आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे ते मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता होतं. वाटे नाहीत, रस्सा नाही, फ्रीजर नाही. शिवाय निवडणूक लागली की बऱ्याचदा बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि आपल्याकडं निवडणूक कधी नसते?

खरं सांगू का, आमच्या घरी फुकटचं खाणं कधी हरणाचं नव्हतंच. ते नदीचं होतं आणि बांधावरचं होतं. पाऊस सुरू झाला की आज्जी भाजी विकत आणायचीच नाही. पाथरी, चिघळ, तांदुळजा, कुर्डू, टाकळा, बांधानं एक फेरी मारली की ओटा भरून यायची. आज्जा कृष्णेवर गळ टाकायचा, मरळ, वाम, कधी शिंगाळा. पहिल्या पुराला ओढ्यात चढणीचे मासे यायचे तेव्हा तर अख्खं गाव गुडघाभर पाण्यात. याला कोणी स्वावलंबन म्हणत नव्हतं, गरिबी म्हणत होते, आणि थोडी ती होतीही.

ते सगळं कुठं गेलं? कायद्यानं नाही गेलं. उसात तणनाशक मारलं, बांधावरची भाजी गेली. बांधच राहिले नाहीत, सरीला सरी भिडली. नदीत मळीचं पाणी आणि गावोगावचं सांडपाणी, उन्हाळ्यात धार बारीक झाली की पाण्यातली घाण कुजताना ऑक्सिजन खाऊन टाकते आणि मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागतात, सांगलीत हे किती वेळा झालं ते तुम्हीच सांगा. आणि जे तग धरून आहे ती चिलापी, बाहेरनं आलेली, घाणीतही वाढणारी, गावठी माशांची जागा खाऊन बसलेली. भोई समाजाची पोरं जाळी सोडून एमआयडीसीत गेली. हरणासाठी ग्रुपवर पन्नास मेसेज पडतात, मरळ गेली त्याला कोणी एक मेसेज टाकला नाही.

फिनलंडची तळी काही देवानं स्वच्छ ठेवलेली नाहीत. इथल्या कागदाच्या गिरण्यांनी ती पार घाण करून ठेवली होती, साठच्या दशकात पाण्याचा कायदा आला, गिरण्यांना परवान्यात अटी घातल्या, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत पाणी सुधारलं. सगळ्या गिरण्या काही बंद पडल्या नाहीत, बऱ्याच अजून आहेत. तरी पाईक नावाच्या मोठ्या माशात पारा असतो म्हणून गरोदर बाईनं तो खाऊच नये आणि पोरांनी कमी खावा असं सरकार सांगतं, म्हणजे पूर्ण निर्मळ इथंही काही नाही.

एक काळी बाजू सांगितली नाही तर मी लबाड ठरेन. दुकानात जी जंगलातली बेरी मिळते ती बहुतेक फिन लोक तोडत नाहीत. वर्षानुवर्षं थायलंडहून माणसं आणली गेली, विमानाचं कर्ज डोक्यावर, कंटेनरमधे राहणं, पहाटेपासनं रात्रीपर्यंत तोडणी, पुढं माणसांच्या तस्करीचे खटले झाले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या उसाच्या फडातल्या बीडच्या कोप्या आठवल्या, उचल घेऊन आलेली जोडपी, बैलगाडीखाली झोपलेलं पोर. निसर्गाच्या कुशीतलं जगणं म्हणून जे विकलं जातं त्याच्या मागं बऱ्याचदा असं कोणीतरी वाकलेलं असतं.

वाईच्या दोन एकरवाल्याला थोडक्यात. घे बाबा, पण पहिली तीन वर्षं पगार चालू ठेव, सातबारा आणि रस्ता वकिलाला दाखव, आणि कोंबड्या घेण्याआधी मुंगूस आणि बिबट्याचा विचार कर. शेजाऱ्यांशी पटवून घे, ते नसतील तर दोन एकरात तू एकटा काही करू शकत नाहीस.

हे सगळं मी दादाला फोनवर तासभर ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणला, "नदी कवा साफ व्हायची ती हुईल, मोजणी कवा हुईल ती हुईल. आज रात्री राखणीला कोन जानार, तू?" वहिनी मागनं हसली. बंदुकीचा अर्ज तो करणारच आहे. मी झटका मशीनचे (कुंपणाच्या तारेत हलका शॉक सोडणारं) आणि तारेचे पैसे पाठवलेत, बॅटरीची दोन वर्षं वॉरंटी आहे म्हणाला.